चौथ्या सिंफनीतले सेकंद

संग्रहपालबाईंनी पिशवीतून रेकॉर्डचं कव्हर काढून टेबलावर ठेवलं. मग कव्हरमधून जे बाहेर काढलं ती रेकॉर्ड नव्हती. तपकिरी पुठ्ठ्याची गोल चकती होती.

"काल सकाळी हे सापडलं," त्या म्हणाल्या. "परवा रविवार. तोवर रेकॉर्ड मिळाली नाही तर वाचनालयाच्या समितीच्या लेखी मी चोर."

काटेबाईंनी चष्मा लावला. काटेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं खात्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, तेव्हा चिकटलेलं. निवृत्तीनंतर लोक तराजू सोडून इतरच गोष्टी तपासायला आणू लागले आणि त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही.

त्यांचे धाकटे दीर वरच्या मजल्यावर राहत. निवृत्त दंतवैद्य. दाराची घंटा वाजली की पाच मिनिटांत साखर मागायला खाली यायचे. आजही वाटी घेऊन आले आणि वाटी विसरून बसले, कारण प्रकरण त्यांच्याच मंडळातलं होतं.

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर शहराचा रेकॉर्डसंग्रह होता. तिथे दर रविवारी सकाळी श्रवणमंडळ जमे. मंडळाचे प्राण म्हणजे सर. एकाच संगीतकाराच्या सिंफनी, पण वाजवणारे वाद्यवृंद अनेक. त्यातली कोणती रेकॉर्ड घ्यावी, कोणती घेऊ नये, हे सांगणारी सरांची मार्गदर्शिका घरोघरी होती. आता तिसरी आवृत्ती निघायची होती आणि सरांनी स्वतःच जाहीर केलं होतं, की या वेळी आपण नावं न बघता, सगळ्यांसमोर ऐकून निवड करू. येत्या रविवारी चौथ्या सिंफनीची पाळी होती. रेकॉर्डी सात.

"गेली ती कोणती?" दंतवैद्यांनी विचारलं.

"आपल्याच शहराच्या वाद्यवृंदाची."

"म्हणजे सातव्या नंबरची? चोराला अक्कल नाही. घ्यायचीच तर पहिल्या नंबरची घ्यायची."

काटेबाईंनी चकती उजेडात धरली. वर्तुळ बिनचूक होतं. मधोमध सुईने टोचावं तेवढं एक छिद्र. कडेला कात्री चालली होती, तरी दोन-तीन ठिकाणी पुसट पांढरी रेघ राहिली होती. दंतवैद्यांनी ती नखाने खरवडून पाहिली आणि बुरशी असल्याचं निदान केलं.

"शेवटची कधी पाहिलीत?" काटेबाईंनी विचारलं.

मंगळवारी दुपारी संग्रहपालबाईंनी सातही रेकॉर्डी स्वतः ब्रशने पुसल्या होत्या. कपाटाची किल्ली एकच आणि ती त्यांच्याकडे. पण कुणी ऐकायला बसलं की कपाट उघडं असे. त्यानंतर तिघंच येऊन गेले. मंगळवारी संध्याकाळी मास्तर. बुधवारी सर त्यांची चामडी बॅग घेऊन आणि दुपारी सरांच्या थोरल्या बहीण, ताई, त्यांच्या नेहमीच्या कापडी पिशवीसकट. ताई प्रत्येक भाग किती मिनिटं-सेकंद चालतो ते घड्याळ लावून मोजत. मार्गदर्शिकेतले सगळे तक्ते त्यांचेच.

"मास्तरांच्या हातात काय होतं?"

"काही नाही. टोपी तेवढी. ती कुठे ठेवावी हेच त्यांना सुचत नव्हतं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा आले ना आमच्याकडे."

दंतवैद्य एकदम वाटीशी चाळा करू लागले. मास्तर म्हणजे शहराच्या वाद्यवृंदाचे जुने संचालक. सरांच्या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती आली, त्यानंतर दोन वर्षांत वाद्यवृंद मोडला. तेव्हापासून ते शाळेत गाणं शिकवत.

काटेबाईंनी मार्गदर्शिका मागितली. संग्रहपालबाईंकडे दुसरी आवृत्ती होती. दंतवैद्य वर जाऊन आपली पहिली घेऊन आले. जुनी, समासांत पेन्सिलीने टिपा लिहिलेली. त्यांनी चौथ्या सिंफनीचं पान उघडून धरलं, पण पुस्तक हातातून सोडलं नाही. अंगठा समासावर दाबून ठेवला.

"द्या इकडे, भावजी."

"धरतो ना मी. तुम्ही वाचा, वहिनी."

त्यांनी वाचलं. शहराच्या वाद्यवृंदाबद्दल सरांनी लिहिलं होतं: ‘हात जड, मन त्याहून जड. संगीत चिखलातून चालतं. दुसऱ्या भागाआधी कुणी तरी खोकतं. तेवढाच काय तो जिवंतपणा.’ पहिल्या क्रमांकाची रेकॉर्ड दूरच्या एका देशातली होती. तिच्याबद्दल: ‘उजळ, तरतरीत, प्रत्येक सूर धुऊन घेतलेला. दुसऱ्या भागाआधी सभागृह जणू श्वास घेतं. प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या थोर कलावंताचं काम.’

"या कलावंताने आणखी काय केलंय?"

काहीच नाही, असं संग्रहपालबाई म्हणाल्या. त्या कव्हरवर डोंगराचं चित्र आहे. माणसाचा फोटो नाही आणि हे नाव दुसऱ्या कुठल्याही रेकॉर्डवर त्यांनी पाहिलेलं नाही.

खाली तक्ता होता. काटेबाईंनी त्यातल्या दोन ओळी वहीत उतरवून घेतल्या. शहराचा वाद्यवृंद: १३ मिनिटं २२ सेकंद, ११.३८, ६.४१, ८.१९. परदेशी: १२.५८, ११.१७, ६.२९, ८.०४. मग त्यांनी दुसरी आवृत्ती उघडली. तिथे चौथ्या सिंफनीच्या तक्त्यात फक्त मिनिटं होती. त्यांनी मागेपुढे पानं उलटली. बाकी सगळ्या सिंफनींना सेकंद होते.

"कागद वाचवला असेल," दंतवैद्य म्हणाले.

काटेबाईंनी पेन्सिलीचं टोक वहीवर चार वेळा टेकवलं आणि वही मिटली.

*

शाळेच्या गाण्याच्या वर्गाबाहेर दोघं थांबले. आत मुलं गात होती, इतकी भरभर की ओळीच्या शेवटी त्यांचा श्वास पुरत नव्हता. मास्तर पेटीवर बोटांनी ताल देत म्हणत होते, "पुढे, पुढे. रेंगाळू नका."

घंटा झाली. मास्तर बाहेर आले तेव्हा कोटाच्या बाहीवर खडूची भुकटी होती. दंतवैद्यांनी वहिनींना कोपराने ढोसलं. नंतर ते मास्तरांकडे पाहायचे टाळत भिंतीवरचा आगीची सूचना देणारा फलक वाचू लागले.

मास्तरांनी संग्रहात गेल्याचं लपवलं नाही. मंगळवारी आपण पहिल्या क्रमांकाची रेकॉर्ड ऐकायला गेलो होतो. फक्त दुसरा भाग ऐकला आणि निघालो. स्वतःच्या रेकॉर्डला हात लावला नाही. घरी तिची प्रतही नाही.

"इतक्या वर्षांत ऐकली नव्हती ती?"

"धीर झाला नव्हता. आता रविवारी सगळ्यांसमोर वाजणार, तेव्हा म्हटलं आधी एकट्याने ऐकावी."

"कशी वाटली?"

मास्तरांनी बाही झटकली. "ओबोवाला छान आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "सूर जरा चढा आहे सगळ्यांचा. अर्धा पडदाही नाही. जरासा."

आणखी काही आठवतं का, असं काटेबाईंनी विचारलं. नाही म्हणाले. पण दंतवैद्यांकडे वळून त्यांनी दाढ कशी आहे असं विचारावं तसं विचारलं, की मंडळ कसं चाललंय. दंतवैद्य म्हणाले, बरं चाललंय.

बाहेर आल्यावर दंतवैद्यांचा निकाल तयार होता. बुरशी नव्हेच, खडू. आणि खडू मास्तरांच्या बाहीवर. सगळ्यांसमोर पुन्हा नाचक्की नको म्हणून बिचाऱ्याने स्वतःची रेकॉर्ड पळवली.

"तीस सेंटिमीटरची रेकॉर्ड टोपीत घालून नेली का, भावजी? आणि चकती कुठून आणली? तीही टोपीतच?"

दंतवैद्य घाईने रस्ता ओलांडू लागले.

*

सर आणि ताई एकाच घरात राहत. बाहेरच्या खोलीत ताईंची गणिताची शिकवणी चाले. भिंतीवर फळा, त्याच्या बाजूला खिळ्यांना टांगलेला मोठा गुण्या, कोनमापक आणि लाकडी कंपास. ओळीत, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. आतल्या खोलीत छतापर्यंत रेकॉर्डी होत्या. ती खोली सरांची. ताई तिथे फक्त मोजायला जात.

सरांना या चौकशीचंच हसू आलं. ती रेकॉर्ड कोण चोरेल? फुकट दिली तरी लोक नेत नसत. संग्रहपालबाईंनीच कुठे तरी भलत्या कव्हरमध्ये घातली असणार. मात्र रविवारी ती हवीच. नावं झाकून ऐकायचं म्हणजे चांगल्याबरोबर वाईटही हवं. नाही तर परीक्षा कसली?

"ही नावं झाकण्याची कल्पना कुणाची?"

"माझीच. ताई नको म्हणत होती. म्हणे, या वयात कशाला परीक्षा देतोस. मी म्हटलं, माझा कान अजून आहे तिथेच आहे."

ताई दाराशी उभ्या होत्या. पाणी द्यायला आल्या होत्या, पेले हातातच होते.

काटेबाईंनी तक्त्याचा विषय काढला. सरांनी हात उडवला. आकडे हे ताईचं खातं. आपण तक्ता कधी पाहतही नाही. संगीत काही मिनिटांनी कळत नसतं. पण चाळीस वर्षांत ताईची मोजणी एका सेकंदाने चुकलेली नाही, हे ते अभिमानाने म्हणाले.

"मग दुसऱ्या आवृत्तीत चौथ्या सिंफनीचे सेकंद कुठे गेले?"

सरांनी बहिणीकडे पाहिलं. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं.

"छापखान्यात राहिले असतील," ताई म्हणाल्या आणि पेले खाली ठेवले. एक पेला रिकामाच होता. पाणी घालायचं राहून गेलं होतं.

परतताना काटेबाईंनी संग्रहपालबाईंना निरोप पाठवला: रविवारी मंडळ दहाला जमतं, या तिघांना नऊला बोलवा. संग्रहातल्या रेकॉर्डप्लेअरची गती कमी-जास्त करता येते ना, तेवढं बघून ठेवा.

*

रविवारी नऊ वाजता श्रवणकक्षात सहा माणसं होती. चाळीस खुर्च्या मांडून ठेवलेल्या, त्यातल्या बहुतेक रिकाम्या. मास्तर मागच्या रांगेत बसले होते. ताईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती.

काटेबाईंनी पुठ्ठ्याची चकती टेबलावर ठेवली.

"कपाट उघडल्यावर कव्हर रिकामं लागू नये म्हणून ही आत घातली. ज्याच्या घरी रेकॉर्डींचा ढीग आहे त्याने एखादी टाकाऊ रेकॉर्डच घातली असती. ती मापाची असते, वजनाचीही असते. संग्रहपालबाईंनाही तेच सोपं होतं. पुठ्ठा कापत बसला तो ज्याच्या मालकीची एकही रेकॉर्ड नाही तो. ज्याच्या मनात रेकॉर्ड म्हणजे पंधरा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. मधे कंपासाच्या टोकाचं छिद्र आहे. कडेला रेघ आहे ती पेन्सिलीची नाही, खडूची. एवढं मोठं वर्तुळ काढणारा आणि खडू धरणारा कंपास फळ्याचा असतो."

दंतवैद्य हळूच मास्तरांकडे बघायला लागले होते, ते मधेच थांबले.

"पण चोरली का, हे कळेपर्यंत कुणी चोरली याला अर्थ नव्हता," काटेबाई म्हणाल्या. "सगळ्यात वाईट रेकॉर्ड चोरून कुणाचं काय भलं होणार? म्हणून मी आकडे पाहिले."

त्यांनी वही उघडली. शहराच्या वाद्यवृंदाचा पहिला भाग आठशे दोन सेकंद. परदेशी त्याहून चोवीस सेकंदांनी कमी. दुसऱ्या भागात एकवीस कमी, तिसऱ्यात बारा, चौथ्यात पंधरा. फरक वेगवेगळे दिसतात. पण प्रत्येक भागाच्या लांबीशी ताडून पाहिले तर चारही ठिकाणी शंभराला तीन.

"दोन माणसं तेच संगीत वाजवतील तेव्हा एक इथे रेंगाळेल, दुसरा तिथे. चारही भागांत हिशोबाने तीनच टक्के जलद कुणी वाजवू शकत नाही. ते काम माणसाचं नाही, यंत्राचं आहे. टेप तीन टक्के जलद फिरवली की वेळ तेवढा कमी होतो आणि प्रत्येक सूर जरासा चढतो. अर्धा पडदाही नाही. जरासा. ऐकणाऱ्याला ते उजळ वाटतं."

सर उठून उभे राहिले. "तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय?"

काटेबाईंनी संग्रहपालबाईंना खूण केली. परदेशी रेकॉर्ड लागली, दुसऱ्या भागाच्या तोंडाशी. सभागृहाची शांतता, मग एक दबका श्वास, मग ओबोचा सनईसारखा सूर. मग गती तीन टक्के उतरवून तेच पुन्हा. शांतता जरा लांबली. श्वास खाली आला आणि तो खोकला होता.

"माझाच आहे," मागच्या रांगेतून मास्तर म्हणाले. "त्या आठवड्यात मला सर्दी होती."

रेकॉर्ड काढणारी कंपनी बुडाली तेव्हा तिच्या टेपा विकल्या गेल्या, हे मास्तरांना माहीत होतं. कुणी घेतल्या ते माहीत नव्हतं. कुणी तरी त्या जलद केल्या, वर डोंगर छापला आणि एक नाव तयार केलं.

सर खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"सरांना हे ठाऊक नव्हतं," काटेबाई सावकाश म्हणाल्या. "ठाऊक असतं तर नावं झाकून दोन्ही लागोपाठ ऐकण्याची कल्पना त्यांनी काढलीच नसती. मास्तर मंगळवारी ही परदेशी रेकॉर्ड ऐकायला हात हलवत आले, हात हलवत गेले. जिला ठाऊक होतं तिने वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या आवृत्तीतून सेकंद काढून टाकले."

ताईंनी पिशवीतून रेकॉर्ड काढली. ती मऊ फडक्यात गुंडाळलेली होती.

"दुसऱ्या आवृत्तीचा तक्ता करताना दिसलं," त्या म्हणाल्या. "मुलांना रोज प्रमाण शिकवते मी. मला दिसणार नाही तर कुणाला? वाटलं, सांगू उद्या. मग पुस्तक छापून आलं. मग वाटलं, आता सांगून काय, वाद्यवृंद तर मोडलाच." त्या संग्रहपालबाईंकडे वळल्या. "तुमच्यावर बालंट येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आलं, तेव्हाही मी दोन दिवस गप्प बसले. ते जास्त वाईट."

संग्रहपालबाईंनी रेकॉर्ड घेतली. कडेला बोटाचा ठसा होता, तो पुसायला लागल्या.

सरांनी मान वर केली तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "तुम्ही मंगळवारी ओळखलंत. मग लगेच का नाही आलात माझ्याकडे?"

"येऊन काय सांगणार होतो?" मास्तर म्हणाले. "तुमचं लिहिलेलं मला पाठ आहे. ‘हात जड, मन त्याहून जड.’ मला ते पटलं होतं, सर. एकोणतीस वर्षं मी धरून चाललो, की मी मंद आहे. मुलांनासुद्धा घाईघाईने गायला शिकवलं, माझ्यासारखी होऊ नयेत म्हणून. मंगळवारी घरी गेलो आणि त्या मुलांच्या आठवणीने पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. तरी शुक्रवारी तोंडातून ‘पुढे, पुढे’च निघालं."

जिन्यावर पावलं वाजू लागली. मंडळाचे लोक बोलत, हसत वर येत होते. ताईंनी भावाच्या दंडाला हात लावला. आपण तब्येतीचं काही तरी सांगू, असं त्या पुटपुटल्या. सरांनी हात बाजूला केला, रागाने नव्हे.

"पुरे, ताई. मी सांगतो."

खुर्च्या भरल्या. सरांनी पहिली आवृत्ती मागितली. दंतवैद्यांची प्रत समोरच होती, पण ती त्यांनी मांडीवर पालथी धरली होती, म्हणून संग्रहाची आणली. सरांनी शहराच्या वाद्यवृंदावरचा उतारा वाचला. मग परदेशी रेकॉर्डवरचा. मग म्हणाले, की ही दोन्ही एकच रेकॉर्ड आहे, आणि ती वाजवणारा माणूस मागच्या रांगेत बसला आहे. मग फडक्यातली रेकॉर्ड लावली आणि चाळीस मिनिटं ते उभेच राहिले. कुणी मागे वळून पाहिलं नाही. पाहायचं धाडस कुणाला झालं नाही.

खोकला आला की पूर्वी मंडळात लोक हसत असत. दंतवैद्यांना ते चांगलं आठवत होतं.

*

दोघं घरी आले. काटेबाईंनी चहा टाकला. दंतवैद्यांनी पुस्तक टेबलावर ठेवून चौथ्या सिंफनीचं पान उघडलं आणि या वेळी अंगठा काढून घेतला.

समासात त्यांच्याच अक्षरात, पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘अगदी बरोबर. मलाही असंच वाटलं.’

"ती रेकॉर्ड मी तोवर ऐकलीच नव्हती, वहिनी," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा पूर्ण ऐकली."

काटेबाईंनी चहा गाळला.

"मी पाहिलं होतं ते," त्या म्हणाल्या. "शुक्रवारीच. अंगठा पुरत नव्हता तुमचा."

दंतवैद्यांनी खोडरबर शोधायला खण उघडला. थोडा वेळ हात आतच राहिला. मग त्यांनी खण तसाच लावला, पुस्तक उघडं ठेवलं आणि चहाला हात लावला नाही.